पाळीवरून पाहिलेलं

डोमाचं पत्र सहा वर्षांपूर्वी आलं होतं आणि शालिकरामभाऊंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते हरवलं असतं तर निदान तेवढं निमित्त तरी मिळालं असतं. पण एकतीस वर्षं गडचिरोलीच्या एका वाचनालयात काढलेल्या माणसाच्या घरात कागद हरवत नाही. पत्र लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, विजेच्या बिलांखाली होतं. तो खण उघडावा लागू नये म्हणून शालिकरामभाऊ पुढं पुढं बिलंच पहिल्या खणात ठेवायला लागले.

डोमा त्यांचा लहानपणचा सोबती, नदीपलीकडच्या, पोंभुर्णा तालुक्यातल्या मोहतळ्याचा. दोघंही धीवरांची पोरं. डोमा तलावात वाढला आणि शालिकराम तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हातात पुस्तक घेऊन. पाण्याचं त्यांना भय नव्हतं, चिखलाचं होतं. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की छातीत धडधडायचं आणि बाकीची पोरं हसायची. म्हणून ते पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसून राहत आणि खालची सगळी गंमत तिथून बघत.

डोमाला लिहिता येत नव्हतं. पत्र त्यानं तोंडी सांगितलं होतं आणि आठवीतल्या नातीनं, रिंकूनं, वहीच्या पानावर तो बोलला तसंच उतरवलं होतं.

‘शालिक, तुले रामराम. रिंकूनं मोबाईलवर तुझा लेख वाचून दाखवला. चांगला लिवला. पन एक गोष्ट चुकली. तू लिवलं का जेठात आमी डोहातली सारी मासोळी काढतो, पुढच्या सालासाठी बीज बी ठेवत नाई. तसं नाई बाबू. तू पाळीवरून पाह्यलं. खाली चिखलात आला असता तं दिसलं असतं. अंड्यावरची मरळ आमी सांडव्याजवळच्या न आटनाऱ्या झिऱ्यात सोडतो अन् तलाव भरला का वापस आनतो. तुझा बाप बी तेच करे. ते दुरुस्त कर. उत्तर पाठव. डोमा.’

शालिकरामभाऊंनी जन्मात एकच लेख लिहिला होता. तलावांची माहिती गोळा करणाऱ्या एका वेबसाइटसाठी, वाचनालयाच्या एका जुन्या सभासदानं फार गळ घातली म्हणून. तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांच्या नावाखाली ‘अभ्यासक’ असं लिहिलं होतं. त्या एका शब्दानं ते आठवडाभर नीट झोपले नव्हते. चौकात दोघातिघांनी थांबवून ‘भाऊ, वाचला तुमचा लेख’ म्हटलं होतं. आणि मग हे वहीचं पान आलं. उत्तर लिहायला ते चारदा बसले. ‘प्रिय डोमा’ एवढं लिहून व्हायचं. मग आपलं अक्षर दिसायचं, त्या अक्षरामागचा माणूस दिसायचा, आणि कागद फाटायचा. शेवटी ते बसायचेच बंद झाले.

पुढं डोळे गेले. सगळेच नाही गेले. पण जिथं नजर लावावी नेमका तिथंच धुरकट डाग, आणि कडेकडेनं जग शाबूत. अमरनं, मुलानं, नागपूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हिंडाल, फिराल, माणसं ओळखाल, पण वाचन संपलं. शालिकरामभाऊ मान हलवून बाहेर आले.

अमरनं आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. पण तो बोलता केला सलीमानं. दोन घरं सोडून तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. लहानपणी वाचनालयात येऊन खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं संपवलेली ही मुलगी आता चाळिशीला आली होती आणि अख्ख्या गल्लीला दटावत होती.

‘‘भाऊ, तुम्ही एवढ्या पोराईले वाचाले देल्लं,’’ ती म्हणाली, ‘‘आता हा डब्बा तुम्हाले वाचून दाखवन. हे बटन दाबलं का चालू, तेच दाबलं का बंद. टेन्शन नाही घ्यायचं.’’

‘‘बिघडलं तर?’’

‘‘बिघडलं तं मी हाव ना. दोन घरं तं सोडून राह्यतो.’’

बटण सापडावं म्हणून त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, आपल्या कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. चाचपडलं की बोटाला लागायची. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की शालिकरामभाऊ टिकली दाबत आणि कॉम्प्युटरमधून एक बाई वाचू लागे. सपाट, एका लयीत, कुठं न अडखळता. बातमी असो की मृत्युलेख, तिचा सूर तोच. कोणाचं तोंड पाहून ती वाचत नसे. प्रेमिलाबाईंना ती आवडत नव्हती.

‘‘झाली का सुरू तुमची कॉम्प्युटरवाली?’’ त्या आतून ओरडायच्या. ‘‘तिले म्हणा जरा दम घे. बाईमाणूस एवढं एका दमात नाही बोलत.’’

‘‘तू बोलतेस की.’’

‘‘मी मधात मधात उत्तराची वाट पाह्यतो. तुम्ही देत नाही, ते अलग.’’

वैशाख संपत आला होता त्या मंगळवारी बाई तलावांवरचा एक नवा लेख वाचत होती. मोहतळ्याचं नाव आलं तेव्हा शालिकरामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. गावचा तलाव धीवरांच्या सोसायटीकडे राहू द्यायचा की बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा, याचा निर्णय येत्या सोमवारी पोंभुर्ण्याला कमिटी करणार होती. सोसायटी तलावाचं बीज राखत नाही, अशी तक्रार होती. आणि मग त्याच सपाट आवाजात बाईनं वाचलं :

‘याच गावचे अभ्यासक शालिकराम मारबते यांनी आपल्या लेखात, मच्छीमार दरवर्षी अंड्यांवरची मासळीही काढून नेतात, असे स्पष्ट नमूद केले आहे. सोसायटीचे वयोवृद्ध सभासद डोमा यांचा दावा मात्र वेगळा आहे. ही मासळी आपण राखून ठेवतो, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला लेखी आधार मिळत नाही.’

शालिकरामभाऊंनी टिकली दाबली. आवाज थांबला. पंखा तेवढा फिरत राहिला.

लेखी आधार मिळत नाही. लेखी जे होतं ते त्यांचं होतं. डोमा जन्मभर ज्या पाण्यात उभा राहिला, त्या पाण्याबद्दल त्याच्या तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती, आणि पाळीवर बसलेल्याच्या शब्दाला होती.

त्यांनी आपला स्वतःचा लेख कधीच ऐकला नव्हता. ऐकायचं धाडसच झालं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी सलीमाला हाक मारून तो लावून घेतला आणि ती दुकानात परत जाताच दार लोटून टिकली दाबली.

डोळ्यांनी वाचताना माणूस आपलंच लिखाण उड्या मारत वाचतो. आवडत्या वाक्यावर थांबतो, अडचणीच्या वाक्यावरून हळूच पुढं सरकतो. बाईला आवडनिवड नव्हती. ती प्रत्येक शब्दाला सारखा वेळ देत चालली होती.

‘जेठात पाणी आटल्यावर शेवटच्या डोहातली सगळी मासळी काढली जाते. अंड्यांवर आलेली मरळसुद्धा सोडली जात नाही. ती मडक्यांत घालून, मडकी कावडीला लावून, वर पळसाची पाने झाकून, माणसे जपून पावले टाकीत सांडव्याच्या वाटेने नेतात. अशा रीतीने तलावाचे बीज दरवर्षी संपते.’

शालिकरामभाऊंनी ते पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग ते उठून थेट स्वयंपाकघरात गेले. प्रेमिलाबाई मोहरी निवडत होत्या.

‘‘तुझे बाबा बाजाराला मासोळी कशात नेत?’’

प्रेमिलाबाई सिंदेवाहीकडच्या, धीवराचीच लेक. त्यांनी मान वर केली. ‘‘हे काय अचानक? टोपल्यात.’’

‘‘मडक्यात नाही?’’

‘‘मडक्यात काऊन नेतीन? पाण्याचं वजन कोण फुकट वाह्यन? मडक्यात जित्ती मासोळी नेते माणूस. सोडाची असली तं.’’ त्यांनी मोहरीतला खडा बाजूला टाकला. ‘‘अन् वरून पाला टाकते, नाही तं उड्या मारून बाहीर पडते. हे तं लहान पोराले समजते.’’

‘‘आणि मोहतळ्याहून बाजाराची वाट कुठल्या अंगाला?’’

‘‘देवळाकडून. मले काय इचारता, गाव तुमचं. सांडवा तं एकदम उलट्या अंगाले.’’

शालिकरामभाऊ उंबऱ्यावरच बसले. पन्नासएक वर्षांपूर्वीचा बाप त्यांच्या त्या धुरकट डागाच्या मधोमध उभा राहिला, अगदी स्वच्छ. कमरेला आखूड धोतर, खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना मडकी, वर पळसाची पानं. पाणी सांडू नये म्हणून पाऊल मोजून टाकत बाप सांडव्याकडं चालला होता. मोहाखाली बसलेल्या पोराला वाटलं होतं, बाप लोकांच्या नजरेआड चोरून काही नेतोय. बापाची लाज वाटून त्यानं डोळे पुस्तकात घातले होते. विचारलं कधीच नव्हतं. आणि म्हातारपणी, सगळं बारकाईनं आठवून, मडकी, पानं, पावलं, वाट, एकही गोष्ट न गाळता त्यानं ते लिहून काढलं होतं आणि शेवटी तोच लहानपणचा निकाल जोडला होता.

डोमानं पत्रात सांगितलेलं खरं होतं, हे त्यांना पत्र वाचलं त्याच दिवशी आतून माहीत होतं. पण त्याचा पुरावा आपल्याच लेखात आहे, हे आजवर दिसलं नव्हतं. ऐकू आलं तेव्हा कळलं.

‘‘काय झालं? छातीत दुखते का?’’ प्रेमिलाबाई घाबरून उठल्या.

‘‘नाही,’’ शालिकरामभाऊ म्हणाले. ‘‘डोमाला पत्र लिहायचं आहे.’’

प्रेमिलाबाई खाली बसल्या. ‘‘सहा वर्सं झाले, आता सुचलं? चला ना मंग, बसनं जाऊ. नाही तं कोणाले तरी फोन करून सांगा.’’

‘‘चूक मी लिहून केली. बोलून कसं दुरुस्त होईल? कमिटीला कागद लागतो. डोमाच्या हातात कागद पाहिजे, माझ्या सहीचा. सोमवारच्या आत.’’

त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात आलेली प्रेमिलाबाईंनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. त्यांनी मोहरीचं सूप बाजूला सारलं. ‘‘सलीमाले हाका मारतो,’’ त्या म्हणाल्या.

सलीमानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘भाऊ, असं करा, तुम्ही बोला. हा डब्बा लिहून घेते. मंग तोच तुम्हाले वाचून दाखवते. पसंत नाही पडलं तं पुसून टाकायचं.’’

‘‘बोलू? मोठ्यानं?’’

‘‘मनातल्या मनात बोलान तं त्याले ऐकू नाही येत.’’

बोलणं हे तर शालिकरामभाऊंना लिहिण्यापेक्षाही जड. वाचनालयातसुद्धा ते ‘शांतता राखा’ असं तोंडानं न म्हणता पाटीकडं बोट दाखवायचे. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि यंत्रापुढं बोलले. बोलून झाल्यावर टिकली दाबली. बाईनं वाचलं :

‘प्रिय डोमा, प्रस्तुत लेखात काही अंशी त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तत्कालीन निरीक्षणाच्या मर्यादा लक्षात घेता’

‘‘अवो,’’ दाराबाहेरून प्रेमिलाबाईंचा आवाज आला, ‘‘चूक तुमची हाय का त्याची? मले तं त्या बाईच्या वाचण्यावरून काहीच नाही समजून राह्यलं.’’

सलीमा बाहेर खुदकन हसली.

शालिकरामभाऊंनी पुसलं. दुसऱ्यांदा बोलले. बाईनं वाचलं. ‘कदाचित’ तीनदा आलं होतं. स्वतःच्या अक्षरात ‘कदाचित’ किती नम्र दिसायचं. परक्या बाईच्या कोरड्या आवाजात ते तीन वेळा ऐकल्यावर दाराआड लपलेल्या माणसासारखं वाटलं. पुसलं. तिसऱ्या वेळी वडिलांची थोरवी फार लांबली. चौथ्या वेळी माफी एवढी झाली की मासळी कुठंच उरली नाही. पाचव्याला वीज गेली आणि सगळंच गेलं. पंखा थांबला, घाम कानामागून मानेवर उतरला. सलीमा म्हणाली, ‘‘भाऊ, राहू द्या आता, उद्या सकाळी करू.’’

‘‘उद्या पोस्टात टाकलं नाही तर सोमवारच्या आत पोचायची खात्री नाही,’’ शालिकरामभाऊ म्हणाले. ‘‘वीज येऊ दे. मी बसतो.’’

ते बसले. दीड तास त्याच खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आतल्या आत वाक्यं लावत होते. पूर्वी अशा वेळी त्यांच्या मनात एक माणूस उठायचा आणि म्हणायचा, तू कोण लागून गेलास, तुझं कोण ऐकणार. तो त्या दिवशीही उठला. शालिकरामभाऊंनी त्याला मनातच सांगितलं, लोकांनी ऐकलं, तिथंच तर घोटाळा झाला. तेव्हा आता पुढचंही ऐकतील. तो माणूस परत खाली बसला.

वीज आली तेव्हा चार वाजून गेले होते. सातव्या खेपेला बाईनं जे वाचलं, त्यात पुसण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. तरी त्यांनी ते पुन्हा लावलं, या वेळी दार उघडं ठेवून.

‘डोमा, तुझं पत्र मिळालं, त्याला सहा वर्षं झाली. उत्तर दिलं नाही, कारण लाज वाटली. माझ्या लेखात चूक आहे. मोहतळ्याचे धीवर जेठात बीज संपवत नाहीत. अंड्यांवरची मरळ ते पाण्याच्या मडक्यांत घालून सांडव्याजवळच्या झिऱ्यात सोडतात आणि तलाव भरला की परत आणतात. माझे वडील अशी मडकी नेताना मी स्वतः पाहिलं आहे. ती कुठं चालली, हे मी पाळीवरून उतरून विचारलं नाही. म्हातारपणी जे मनाला वाटलं ते लिहिलं. विकायची मासळी कोणी मडक्यात पाणी भरून नेत नाही आणि बाजाराची वाट सांडव्याकडून जात नाही. हे माझ्याच लेखात आहे, कमिटीनं तो पुन्हा वाचावा. माझं नाव पुढं करून कोणी तुला खोटं म्हणत असेल, तर हे पत्र त्याला वाचून दाखव. यालाही नाव माझंच आहे. शालिकराम मारबते.’

बाई थांबली. दारात उभ्या असलेल्या प्रेमिलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

‘‘आज पह्यल्यांदा बरी वाचली,’’ त्या म्हणाल्या.

सलीमानं ते दोन प्रतींत छापलं आणि तेच वेबसाइटवाल्यांना मेलही करून टाकलं. उरली सही. सही करताना नेमकी सहीची जागाच डागाखाली जायची. सलीमानं पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यात ब्लेडनं बोटभर लांबीची खिडकी कापली आणि तो कागदावर ठेवला. शालिकरामभाऊंनी बोटानं खिडकीची कड चाचपली, त्या कडेला पेन टेकवलं आणि नाव लिहिलं. लिहिलेलं त्यांना दिसलं नाही. ते बरंच झालं. दिसलं असतं तर अक्षर पाहून पुन्हा कागद फाडावासा वाटला असता.

‘‘कशी आली?’’

‘‘जरा वाकडी हाय,’’ सलीमा म्हणाली. ‘‘पण तुमचीच हाय, शंभर टक्के. वाचनालयाच्या कार्डावर अशीच राहे. माह्याजवळ अजून हाय ते कार्ड.’’

बुधवारी पोस्ट उघडायच्या आधीच नवराबायको दोघं दारात जाऊन उभे होते. वाटेत प्रेमिलाबाईंनी त्यांचा हात धरला नव्हता, पण चप्पल घासत पुढं चालल्या होत्या, म्हणजे आवाजावरून वाट कळावी. खिडकी उघडली. आतल्या बाबूनं पाकीट घेतलं.

‘‘स्पीड पोस्ट ना आजोबा? मोहतळा... पोंभुर्णा. शनिवारपर्यंत जाईल. आत काय आहे?’’

‘‘पत्र.’’

‘‘नुसतं पत्र?’’

‘‘हो. उत्तर आहे.’’

बाबूनं पाकीट काट्यावर ठेवलं आणि की-बोर्डवर बोटं चालवायला लागला. तेवढ्यात शालिकरामभाऊंच्या मनात आलं, पत्रात ‘मनाला वाटलं’ याऐवजी ‘मनानं ठरवलं’ पाहिजे होतं. त्यांचा हात आपोआप खिडकीत गेला.

‘‘एक मिनिट...’’

‘‘काय आजोबा? परत पाहिजे का?’’

बाबूचा हात थांबला. मागं रांग लागली होती. कोणी तरी उसासा टाकला. बाजूला उभ्या राहून प्रेमिलाबाई उत्तराची वाट पाहत होत्या.

शालिकरामभाऊंनी हात मागं घेतला.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘परत नको. जाऊ द्या.’’

बाबूनं चिठ्ठी चिकटवली, वरून अंगठा दाबून फिरवला आणि पाकीट मागं टाकलं. कुठं पडलं ते शालिकरामभाऊंना दिसलं नाही. तागाच्या पोत्यात, बाकीच्या टपालावर, ते पडल्याचा आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला.